न्यूझीलंडमध्ये नोकरी गेली, उत्पन्न घटलं: वर्किंग फॉर फॅमिलीजचा अर्ज आत्ता करायचा की एप्रिलमध्ये?

प्रश्न असा आहे: "आम्ही ऑकलंडला राहतो. ऑगस्ट २०२२ मध्ये आलो, फेब्रुवारी २०२५ मध्ये रेसिडेंट व्हिसा मिळाला. दोन मुलं आहेत, ९ आणि ४ वर्षांची. नवऱ्याचा पगार वर्षाला १,१०,००० डॉलर होता. सप्टेंबरअखेर कंपनीने त्याची पोस्ट काढून टाकली, रिडंडन्सीचे १०,००० डॉलर मिळाले. माझा पगार ४५,००० आहे. पुण्यातला फ्लॅट भाड्याने दिलाय, खर्च जाऊन वर्षाला तीन लाख रुपये सुटतात. उत्पन्न जास्त म्हणून आजवर वर्किंग फॉर फॅमिलीजकडे, म्हणजे मुलं असलेल्या घरांना उत्पन्नानुसार मिळणाऱ्या सरकारी मदतीकडे, पाहिलंच नाही. आता घरात एकच पगार येतो. आम्हाला काही मिळेल का? लगेच अर्ज करू का?"

ताई, आधी थेट उत्तर देतो: या करवर्षात (२०२५-२६) तुम्हाला जवळजवळ नक्कीच काही मिळणार नाही. एप्रिल २०२६ पासून मात्र चांगली रक्कम मिळू शकते. आणि आज घाईने अर्ज केलात तर हातात काही न पडता तुमची एक सवलत कायमची जाईल. हे तिन्ही मुद्दे नीट उलगडून सांगतो, कारण न्यूझीलंडमधल्या करांचं काम करताना मला हा प्रश्न सतत येतो आणि बहुतेकांचा गोंधळ एकाच जागी होतो.

तो गोंधळ असा. आपण विचार महिन्याचा करतो: या महिन्यात पगार आला नाही, म्हणजे या महिन्यापासून मदत मिळायला हवी. इनलँड रेव्हेन्यू, म्हणजे आपण सगळे ज्याला आयआरडी म्हणतो ते इथलं करखातं, हिशेब वर्षाचा करतं. १ एप्रिल ते ३१ मार्च, आपल्या भारतातल्यासारखंच. त्या बारा महिन्यांत नवराबायकोचं मिळून एकूण उत्पन्न किती, यावर तुमचा हक्क ठरतो. ऑक्टोबरपासून घरात दुष्काळ असला तरी एप्रिल ते सप्टेंबरमध्ये कमावलेलं त्या बेरजेत असतंच. रिडंडन्सीची रक्कमही करपात्र असल्याने बेरजेत येते, आणि नोकरी सोडताना मिळालेले शिल्लक रजेचे पैसेही येतात. बेरीज पगारातून कर आणि किवीसेव्हर (निवृत्तीसाठीची बचत) कापण्याआधीच्या आकड्याची होते, बँकेत जमा झालेल्या रकमेची नाही.

आता तुमचे आकडे घेऊ. २०२५-२६ या वर्षासाठी फॅमिली टॅक्स क्रेडिट पहिल्या मुलासाठी आठवड्याला १४४ डॉलरपर्यंत आणि त्यानंतरच्या प्रत्येक मुलासाठी ११७ पर्यंत आहे. त्याशिवाय इन-वर्क टॅक्स क्रेडिट, तीन मुलांपर्यंतच्या घराला आठवड्याला ९७.५० पर्यंत. दोन मुलांच्या घराला तिन्ही मिळून ३५८.५० होतात, म्हणजे वर्षाला साधारण १८,६४० डॉलर. ही पूर्ण रक्कम. घराचं वार्षिक उत्पन्न ४२,७०० च्या वर गेलं की वरच्या प्रत्येक डॉलरमागे २७ सेंट कापले जातात. त्यामुळे दोन मुलांच्या घराचं उत्पन्न १,११,७०० च्या आसपास पोचलं की हातात शून्य येतं.

तुमचं या वर्षाचं उत्पन्न काय? नवऱ्याचे सहा महिन्यांचे ५५,०००, रिडंडन्सीचे १०,०००, तुमचे पूर्ण वर्षाचे ४५,०००. एकूण १,१०,०००. एवढंच धरलं तर वर्षाला जेमतेम ४७० डॉलर बसतात. पण पुण्याच्या फ्लॅटचं उत्पन्नही यात धरावं लागतं. वर्किंग फॉर फॅमिलीजसाठी जगभरातलं उत्पन्न मोजतात, दोघांचंही. डॉलरला पन्नास रुपये धरले तर तीन लाखांचे ६,००० डॉलर होतात. बेरीज १,१६,००० वर गेली आणि ते ४७० सुद्धा संपले. नवऱ्याला मार्चच्या आत नोकरी लागली तर बेरीज आणखी वाढेल. म्हणजे यंदाचा विषय इथे मिटला.

आता त्या सवलतीकडे येतो. माझ्या मते तुमच्या बाबतीत हाच मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे, आणि नेमका हाच मुद्दा ओळखीपाळखीच्या सल्ल्यांत कोणी सांगत नाही.

बाहेरून न्यूझीलंडमध्ये पहिल्यांदा राहायला आलेला माणूस इथला कर-निवासी झाला की साधारण चार वर्षं त्याला ट्रान्झिशनल टॅक्स रेसिडेंट मानतात. त्या काळात त्याच्या परदेशातल्या बहुतेक उत्पन्नावर इथे कर लागत नाही: पुण्याचं भाडं, ठाण्याच्या बँकेतल्या मुदत ठेवीचं व्याज, म्युच्युअल फंड, लाभांश. तुम्ही ऑगस्ट २०२२ मध्ये आलात, म्हणजे तुमची ही मुदत ऑगस्ट २०२६ अखेरपर्यंत आहे. पण कायद्यात अशी अट आहे की ही सवलत आणि वर्किंग फॉर फॅमिलीज दोन्ही एकाच वेळी घेता येत नाहीत. नवरा किंवा बायको, दोघांपैकी कोणीही अर्ज केला की तुम्ही सवलत सोडली असं मानलं जातं. ती एकदा गेली की परत मिळत नाही. अर्जातून पुढे एक डॉलरही हाती आला नाही, तरी त्याने फरक पडत नाही.

म्हणून आत्ता, म्हणजे मार्च २०२६ पर्यंत, अर्ज करू नका. मिळणार शून्य आणि त्याबदल्यात भारतातल्या सगळ्या उत्पन्नाचा हिशेब इथे द्यायला लागायचं, हा व्यवहार कुठल्याच बाजूने परवडत नाही.

एप्रिलमध्ये मात्र गणित पार उलटतं. १ एप्रिल २०२६ पासून ती ४२,७०० ची मर्यादा ४४,९०० होते आणि कपात २७ ऐवजी २७.५ टक्के होते. समजा तोवर नवऱ्याला नोकरी लागलेली नाही. मग नव्या वर्षाचा अंदाज तुमचे ४५,००० अधिक पुण्याचे ६,०००, एकूण ५१,०००. मर्यादेच्या वर ६,१००, त्यावर कपात वर्षाला साधारण १,६८० डॉलर. बाकी जवळपास सगळी रक्कम तुमची. सोडलं काय? एप्रिल ते ऑगस्ट या पाच महिन्यांच्या भाड्यावरची सवलत, म्हणजे साधारण २,५०० डॉलरच्या उत्पन्नावरचा कर. फ्लॅट नवऱ्याच्या नावावर असेल आणि त्याला दुसरं उत्पन्न नसेल तर तो कर दोन-तीनशे डॉलरच्या वर जात नाही, आणि भारतात त्याच भाड्यावर भरलेल्या कराची वजावटही मिळते. तेव्हा एप्रिलमध्ये परिस्थिती हीच असेल तर बिनदिक्कत अर्ज करा.

आणि मार्चच्या आत किंवा एप्रिलच्या सुरुवातीला पूर्वीइतक्या पगाराची नोकरी लागली, तर अर्ज करूच नका. तेव्हा हक्क पुन्हा शून्य होतो आणि ऑगस्टपर्यंतची सवलत उगाच जाते. अधलीमधली स्थिती, म्हणजे साठ-सत्तर हजारांची किंवा अर्धवेळ नोकरी असेल, तर आयआरडीच्या संकेतस्थळावरच्या कॅल्क्युलेटरमध्ये तेव्हाचे आकडे घालून बघा. भारतात फ्लॅटखेरीज मोठी गुंतवणूक असेल तर त्या आधी एकदा अकाउंटंटला भेटा. परदेशी शेअर आणि फंडांची खरेदी किंमत ५०,००० न्यूझीलंड डॉलरच्या वर असली की वेगळेच नियम लागू होतात, त्यांत मी इथे शिरत नाही.

मग इथल्या हिवाळ्यापर्यंत, म्हणजे जूनपर्यंत, घर कसं चालवायचं? इथे तुम्हाला दोन चांगल्या बातम्या देतो.

पहिली म्हणजे कराचा परतावा. नवऱ्याच्या पगारातून सहा महिने जो कर कापला तो १,१०,००० वार्षिक पगार धरून कापला, साधारण १३,०९०. रिडंडन्सीवर ३३ टक्क्यांनी ३,३०० कापले असणार. एकूण सुमारे १६,३९०. प्रत्यक्षात त्याचं वर्षाचं उत्पन्न ६५,००० च राहिलं तर त्यावरचा कर सुमारे ११,७२० होतो. फरक ४,६०० डॉलरच्या वर आहे, आणि तो त्याचा आहे. शिवाय ज्यांचं वार्षिक उत्पन्न २४,००० ते ६६,००० मध्ये आहे आणि ज्यांच्या घरात वर्किंग फॉर फॅमिलीज मिळत नाही, त्यांना इंडिपेंडंट अर्नर टॅक्स क्रेडिटचे वर्षाला ५२० डॉलर मिळतात. यंदा नवरा त्यातही बसतो. हा हिशेब आयआरडी मार्चनंतर, साधारण मे ते जुलैच्या दरम्यान, आपणहून करतं. तुम्ही फक्त मायआयआरमध्ये, म्हणजे आयआरडीच्या ऑनलाइन खात्यात, बँक खातं आणि पत्ता बरोबर आहेत ना ते पाहा. मार्चच्या आत त्याला नोकरी लागली तर टेलर्ड टॅक्स कोड मागता येतो, म्हणजे नव्या पगारातून जादा कर कापला जात नाही आणि ते पैसे लगेच हातात राहतात.

दुसरी म्हणजे फॅमिलीबूस्ट. धाकटं लेकरू चार वर्षांचं आहे, किंडीत किंवा डेकेअरमध्ये जात असेल. सरकारकडून आठवड्याला मिळणारे वीस तास मोफत धरूनही वर फी भरत असाल तर ती पावती जपून ठेवा. फॅमिलीबूस्टमध्ये जुलै २०२५ पासून भरलेल्या फीच्या ४० टक्के, तिमाहीला १,५६० डॉलरपर्यंत, परत मिळतात. इथे उत्पन्न वर्षाचं नाही, त्या तिमाहीचं बघतात. तिमाहीत घराचं उत्पन्न ३५,००० च्या आत असेल तर काहीच कापत नाहीत. ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये तुमचे फक्त ११,२५० येणार, म्हणजे तुम्ही अगदी आरामात आत बसता. आठवड्याला १५० डॉलर फी भरत असाल तर तेरा आठवड्यांचे १,९५०, त्याचे ४० टक्के ७८०. तिमाही संपली की मायआयआरमध्ये किंडी किंवा डेकेअरची बिलं अपलोड करायची, एवढंच. तुमच्यासारख्या घराला ज्या मदतीत उत्पन्न घटल्याचा फायदा लगेच दिसतो, ती ही आहे. आणि तीच अर्ज न करता राहून जाते, याचं मला फार वाईट वाटतं.

सरकारी भत्ते देणाऱ्या वर्क अँड इन्कम खात्याच्या जॉबसीकर सपोर्टबद्दल, म्हणजे बेकारी भत्त्याबद्दल, एका वाक्यात सांगतो: रेसिडेंट व्हिसा मिळाल्यानंतर सर्वसाधारणपणे दोन वर्षं इथे राहिलेलं असावं लागतं, तुमची ती मुदत अजून भरलेली नाही. चाइल्डकेअर सब्सिडीची मात्र त्यांच्याकडे चौकशी जरूर करा.

तुमच्यासारखीच वेळ आलेल्या इतर घरांसाठी थोडं सांगायला हवं, कारण नोकरी कधी गेली यावर सगळं फिरतं. तोच पगार, तीच दोन मुलं, भारतात काही उत्पन्न नाही, नव्याने आलेल्यांची ती चार वर्षांची सवलत केव्हाच संपलेली, पण नोकरी सप्टेंबरऐवजी जूनअखेर गेली आणि रिडंडन्सी नाही. मग तीन महिन्यांचे २७,५०० आणि बायकोचे ४५,०००, एकूण ७२,५००. यावर २०२५-२६ च्या दराने वर्षाला जवळपास १०,६०० डॉलरचा हक्क बसतो, आठवड्याला दोनशेच्या थोडं वर. त्यांनी जुलैतच अर्ज करणं बरोबर. ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत "कळेल काय होतंय ते" म्हणून थांबण्यात अर्थ नाही.

पण पुढचा धोका ओळखून. समजा त्याच घरात १ नोव्हेंबरला पूर्वीच्याच पगाराची नोकरी लागली. मार्चपर्यंतच्या पाच महिन्यांचे ४५,८०० आले, वर्षाची बेरीज १,१८,३०० झाली, आणि हक्क पूर्ण वर्षासाठी शून्य झाला. जुलै ते ऑक्टोबर घेतलेले साधारण साडेतीन हजार डॉलर परत करावे लागतात. त्या चार महिन्यांत घरात खरोखरच पैसा नव्हता, हे आयआरडीच्या हिशेबात कुठे दिसत नाही. लोक म्हणतात, आम्ही काही लबाडी केली नाही, मग हे कर्ज कसलं? त्यांचा राग मला पूर्ण समजतो. वर्षाचा अंदाज बांधून पैसे आधी द्यायचे आणि हिशेब नंतर करायचा, या रचनेचा फटका नेमका ज्यांची कमाई खालीवर होते त्यांना बसतो, आणि आधाराची गरजही त्यांनाच असते. अशी वेळ आलीच तर पत्र दडवून ठेवू नका. हप्ते बांधून मिळतात, पण ते आपण मागावे लागतात. गप्प बसलं तर दंड-व्याज वाढतं.

म्हणून अंदाज कसा भरायचा हे महत्त्वाचं. आतापर्यंतची कमाई पगाराच्या स्लिपवरून अचूक घ्या, मनाने नको. त्यात मार्चअखेरपर्यंत नक्की येणारे पैसे मिळवा. नोकरीच्या मुलाखती शेवटच्या फेरीत असतील तर त्या पगाराचे दोन-तीन महिनेही मिळवा. आठवड्याची रक्कम थोडी कमी दिसेल, पण जे कमी घेतलं ते वर्षअखेरच्या हिशेबात पूर्ण मिळतं. जास्त घेतलेलं मात्र परत द्यावं लागतं. आणि ऑफर लेटर हातात आलं की त्याच दिवशी मायआयआरमध्ये नवा अंदाज टाका, पहिला पगार होईपर्यंत थांबू नका. शिलकीवर तीन-चार महिने निघत असतील तर आठवड्याला न घेता वर्ष संपल्यावर एकरकमी घेण्याचा पर्याय निवडा, त्यात परत करण्याची भीती राहत नाही. घरभाडंच अडलं असेल तर मात्र आठवड्यालाच घ्या. इतकी वर्षं पगारातून कर भरला आहे, हे पैसे मागताना संकोच नको.

इन-वर्क टॅक्स क्रेडिटबद्दल इंटरनेटवर अजून जुनी माहिती फिरते की आठवड्याला इतके तास काम हवंच. तासांची ती अट १ जुलै २०२० पासून गेली. दोघांपैकी एकाचं काम चालू असेल आणि घरात मुख्य बेनिफिट (जॉबसीकर सपोर्टसारखा सरकारी भत्ता) घेत नसाल तर ते क्रेडिट मिळतं. दोघांचंही काम सुटलं तर दोन आठवड्यांपर्यंत ते चालू राहू शकतं, नंतर थांबतं. फॅमिली टॅक्स क्रेडिटला कामाची अट नाही, ते चालूच राहतं.

वर्क व्हिसावर असणाऱ्यांसाठी: मदत मागणारा पालक आणि मूल दोघेही तात्पुरत्या व्हिसावर असतील तर हे क्रेडिट मिळत नाही. मूल इथे जन्मलं म्हणून आपोआप नागरिक झालं असंही समजू नका. २००६ पासून आईवडिलांपैकी एक तरी नागरिक किंवा कायमचा रहिवासी असावा लागतो. रेसिडेंट व्हिसा मिळाल्यावर, पालक पूर्वी कधीतरी सलग बारा महिने इथे राहिलेला असेल, तर तुमच्यासारखं लगेच पात्र होता येतं.

भारतातून सासूसासरे किंवा आईवडील या काळात पैसे पाठवतात, ते आपल्याकडे साहजिक आहे. घरखर्चासाठी बाहेरून आलेली अशी मदत वर्षात ५,००० डॉलरच्या वर गेली की तीही घराच्या उत्पन्नात धरतात. एनआरई ठेवीचं व्याज भारतात करमुक्त असतं म्हणून इथे सांगायचं नाही, असंही नाही, तेही धरतात. भारत आणि न्यूझीलंड दोन्ही देश बँकखात्यांची माहिती एकमेकांना देणाऱ्या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेत आहेत, तेव्हा हे आकडे आजच लिहून काढा.

एप्रिलसाठी तयारी एवढी ठेवा: दोन्ही मुलांचे आयआरडी नंबर नसतील तर आत्ताच काढून घ्या, ते काढल्याने सवलतीला धक्का लागत नाही. पुण्याच्या फ्लॅटचा भाडेकरार, सोसायटीच्या मेंटेनन्सच्या पावत्या आणि भारतातल्या रिटर्नची प्रत एका फाइलमध्ये लावा. आणि तुमच्या स्वतःच्या पगाराचा टॅक्स कोड बघा. तुमचं उत्पन्न ४५,००० आहे, तेव्हा तो एमई असण्याची शक्यता आहे, म्हणजे वर सांगितलेलं ५२० डॉलरचं क्रेडिट तुम्हाला पगारातूनच मिळत असेल. वर्किंग फॉर फॅमिलीज सुरू झालं की ते क्रेडिट बंद होतं. म्हणून एप्रिलमध्ये अर्ज केलात तर त्याच आठवड्यात पेरोलला सांगून कोड एम करून घ्या, नाहीतर वर्षअखेर तेवढे पैसे तुमच्याकडे मागितले जातील.